लेकराचे दप्तर उघडून पाहा

तुमचे लेकरू रोज शाळेत जाते. सकाळी दप्तर घेऊन जाते, संध्याकाळी दप्तर घेऊन येते. त्या दप्तरात काय काय असते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठं वाचता येत होतं? पाहून काय करायचं?" तेव्हाची गोष्ट खरी होती. पण आता तुम्हाला वाचता येते. हे पान तुम्ही स्वतःच वाचत आहात. मग लेकराचे पुस्तकही तुम्हाला वाचता येईल. पहिली-दुसरीचे तर नक्कीच येईल.

या पाठात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. शाळेत कोणता विषय कशासाठी शिकवतात, ही पहिली. घरचा अभ्यास म्हणजे काय आणि त्यात आईबापांनी काय करावे, ही दुसरी. तिसरी गोष्ट आपल्या बीड जिल्ह्याची आहे आणि तीच सर्वांत अवघड आहे. ऊसतोडीच्या हंगामात लेकराच्या अभ्यासाचे काय होते?

शाळेचा दिवस

घंटा होते. मुले ओळीने उभी राहतात. राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते. २०२३ सालापासून महाराष्ट्राचे राज्यगीतही ठरले आहे. मग एखादे मूल पुढे येऊन सुविचार सांगते, दुसरे बातमी वाचते. याला परिपाठ म्हणतात. काही लोकांना वाटते, हा फुकट वेळ जातो. तसे नाही. चार माणसांपुढे उभे राहून न घाबरता बोलणे, ही सवय इथे लागते. उद्या ग्रामसभेत उभे राहून बोलायचे तर हीच सवय उपयोगी पडते.

मग तास सुरू होतात. दुपारी शाळेतच जेवण मिळते. खिचडी शिजते. उपाशी पोटी अक्षर डोक्यात शिरत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

वाडीवर किंवा तांड्यावर शाळा लहान असते. मुले साठपर्यंत असली, तर कायद्याने तिथे दोन शिक्षक असतात. वर्ग मात्र चार किंवा पाच. मग गुरुजी एका वर्गाला शिकवतात आणि दुसऱ्या वर्गाला लिहायला बसवतात. येता-जाता पाहणारा म्हणतो, "गुरुजी शिकवतच न्हाईत. पोरं नुसती लिहीत बसल्यात." पण अशा शाळेत मुलांनी आपापले काम करणे, हाही शिकण्याचाच भाग असतो. म्हणून अशा शाळेतल्या मुलाला घरच्या माणसाची साथ जास्त लागते.

मराठी : अक्षर ते अर्थ

पहिलीतल्या मुलाला बाराखडी विचारली आणि ती आली नाही, की बाप रागावतो. म्हणतो, "इतके दिवस काय केलंस?" जरा थांबा. हल्ली सगळी बाराखडी आधी पाठ करून घेत नाहीत. काही अक्षरे शिकवतात, काना शिकवतात आणि लगेच त्यांचे शब्द वाचायला लावतात. घर, वर, नाक, कान. मग पुढची अक्षरे घेतात. यामुळे मुलाला पहिल्यापासून अर्थ कळतो. नुसती घोकंपट्टी होत नाही. तुमच्या साक्षरतेच्या वर्गातही पुष्कळ ठिकाणी असेच शिकवतात. आठवून पाहा.

वाचता येणे आणि समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही मुले धडा घडाघडा म्हणतात. पुस्तक मिटले तरी म्हणतात. म्हणजे त्यांनी तो पाठ केलेला असतो. मध्येच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, "हा कोणता शब्द?" तिथे अडले, तर समजा की वाचन अजून कच्चे आहे.

आणखी एक गोष्ट. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत फरक असतो. आपण घरी "मव्हं दप्तर" म्हणतो. पुस्तकात "माझे दप्तर" असते. आपण "पानी" म्हणतो, पुस्तकात "पाणी" असते. तांड्यावरच्या लेकराची बोली तर गोरमाटी असते. त्याला मराठी ही दुसरी भाषा शिकावी लागते. म्हणून लेकरू अडखळले तर ते मंद आहे, असे समजू नका. घरची बोली चुकीची नाही. तिच्यात आपले जगणे आहे. लेकराला दोन्ही यायला हव्यात. घरात बोली बोला. पुस्तक वाचताना पुस्तकाचा शब्द दाखवा.

गणित : जुडी बांधणे आणि सोडणे

कडबा आपण कसा मोजतो? पेंढीवर मोजतो. शंभर पेंढ्या झाल्या की शेकडा होतो. शाळेत संख्या अशाच शिकवतात. मुलांना काड्या देतात. दहा काड्यांची एक जुडी बांधतात. ही जुडी म्हणजे दशक. सुट्या काड्या म्हणजे एकक. दहा जुड्या एकत्र बांधल्या की शतक. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या.

आता ४२ मधून १७ वजा करू. सुट्या काड्या दोनच आहेत. दोनातून सात जात नाहीत. मग एक जुडी सोडायची. तिच्या दहा आणि आधीच्या दोन, मिळून बारा झाल्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. जुड्या चार होत्या. एक सोडली, तीन राहिल्या. तीनातून एक गेली, दोन उरल्या. उत्तर आले २५. यालाच आपण "हातचा घेणे" म्हणतो. हातचा म्हणजे सोडलेली जुडी. हे एकदा काड्यांवर कळले, की मूल पुढे कधी चुकत नाही. न कळता नुसती रीत पाठ केली, तर दर वेळी गोंधळ होतो.

आकड्यांच्या नावांचाही एक घोटाळा आहे. आपण "त्रेसष्ट" म्हणतो. बोलताना तीन आधी येतात, साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर. म्हणून पुष्कळ मुले त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात जुन्या नावांबरोबर एक नवी रीत दिली होती. त्रेसष्टला "साठ तीन" म्हणायचे. तेव्हा यावर पुष्कळ वाद झाला. मंगला नारळीकर या गणिताच्या मोठ्या जाणकार त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख होत्या. अवघड जोडाक्षरांमुळे आणि उलट्या बोलण्यामुळे लहान मुलांना गणिताची भीती बसते, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा लेकरू "साठ तीन" म्हणाले तर हसू नका. "यालाच आम्ही त्रेसष्ट म्हणतो," एवढे सांगा. बाजारात दोन्ही कळायला हवे.

परिसर अभ्यास : आपला गाव, आपला जिल्हा

तिसरीपासून परिसर अभ्यास येतो. परिसर म्हणजे आपल्या भोवतीचे सगळे. पाणी, माती, पिके, जनावरे, गाव, तालुका, जिल्हा. बालभारतीने तिसरीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांची वेगळी पुस्तके काढली होती, ती याचसाठी.

आपला जिल्हाच घेऊ. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, शिरूर कासार आणि आष्टी. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. मधून बालाघाटाचे डोंगर गेले आहेत. बिंदुसरा बीड शहरातून वाहते आणि सिंदफणेला मिळते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. सिंदफणा पुढे गोदावरीला मिळते. मांजरा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. तीही फार लांबचा वळसा घेऊन गोदावरीलाच मिळते. गोदावरी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे आपल्या बांधावरून वाहून गेलेले पाणी इतक्या लांब जाते. आणि त्याबरोबर आपली मातीही जाते. हे मुलाला कळले, की बांध का घालायचा, झाड का लावायचे, हे निराळे सांगावे लागत नाही.

या विषयाचा अभ्यास पुष्कळदा असा असतो : "घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पूर्वी पाणी कुठून आणत? पूर्वी शेतात काय पिकत असे?" इथे तर घरातली आजी गुरुजींपेक्षा जाणकार असते. १९७२ चा दुष्काळ तिने पाहिलेला असतो. खडी फोडायला लोक कसे गेले, सुकडी कशी वाटली, जनावरे कशी जगवली, हे ती सांगू शकते. त्या दुष्काळाच्या दिवसांतच रोजगार हमी योजनेची वाट मोकळी झाली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. आजीचे बोलणे मुलाने चार ओळींत लिहिले, तर तो उत्तम अभ्यास झाला. आजीला लिहिता येत नसेल, तरी अभ्यास तिच्यामुळेच पुरा झाला.

इतिहासाचेही तसेच आहे. बीड पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. खेड्यांत शाळा फार थोड्या होत्या. वरचे शिक्षण उर्दूतून चाले. आपल्या आज्या-पणज्या शाळेविना राहिल्या, त्यामागे हेही एक कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण त्या राज्यातून मुक्त झालो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. शाळेत १७ सप्टेंबरला झेंडा का लावतात, हे लेकराला विचारा. त्याला आले नाही, तर तुम्ही सांगा.

इंग्रजी

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. पुष्कळ आईबाप या विषयाला बिचकतात. "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" म्हणतात. पण इंग्रजी शब्द आपण रोज बोलतो. बस, स्टँड, पंप, मोटार, डॉक्टर, बँक, मोबाईल. मुलाला विचारा, "बस कशी लिहितात, दाखव बरं." औषधाच्या बाटलीवर, खताच्या पोत्यावर काय लिहिले आहे, ते वाचायला सांगा. त्याला शिकवायचे तुम्हाला जमले नाही, तरी विचारायचे जमते.

याखेरीज चित्रकला, गाणी, खेळ आणि हाताची कामे असतात. तीही शिकण्याचाच भाग आहेत. मातीचा बैल करणाऱ्या मुलाची बोटे पेन्सिलही नीट धरतात.

घरचा अभ्यास म्हणजे काय?

पेरणी शाळेत होते. खुरपणी घरी करावी लागते. शाळेत जे कळले ते पक्के व्हावे, म्हणून घरचा अभ्यास असतो. नवे शिकवण्यासाठी तो नसतो.

किती अभ्यास असावा? केंद्र सरकारने २०२० साली दप्तराचे धोरण ठरवले. त्यात याचे माप दिले आहे. पहिली-दुसरीला घरचा अभ्यास देऊ नये. तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास. म्हणजे लहान मुलाला रात्री झोप येईपर्यंत बसवण्याची गरज नाही. अर्धा तासही पुरतो. पण तो अर्धा तास ठरलेला पाहिजे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, पुरेसा उजेड आणि तेवढा वेळ टीव्ही-मोबाईल बंद. एवढे केले तरी निम्मे काम झाले.

आता या अर्ध्या तासात आईबापांनी काय करावे?

अभ्यास करून देऊ नये. मोठी बहीण उत्तरे लिहून देते, धाकटा ती उतरवून काढतो. वही भरते, डोके रिकामेच राहते. गुरुजींना वाटते याला आले. मग तेही पुढे जातात. चुकीचे का होईना, मुलाने स्वतः लिहिलेले चांगले. त्या चुकीवरून गुरुजींना कळते की कुठे अडले आहे.

मारू नये. शाळेत मारायला कायद्यानेच बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे लिहिले आहे. घरीही तेच बरे. मार खाल्लेले मूल पुस्तक पाहिले की घाबरते. घाबरलेल्या जीवाला पाढे आठवत नाहीत.

विचारावे. पण कसे विचारावे? आपण विचारतो, "काय शिकलीस गं आज?" पोरगी म्हणते, "कायबी न्हाई." सगळ्या घरांत हेच उत्तर मिळते. त्याऐवजी म्हणा, "आज शिकवलेलं मला शिकव बरं." मग ती गुरुजी होते, तुम्ही विद्यार्थी होता. तिला शिकवताना जिथे अडेल, तिथे तिचे कच्चे आहे. आणि तुमचाही सराव होतो. एकाच पुस्तकावर दोघे शिकता.

मुलीचा वेळ राखावा. पुष्कळ घरांत मुलगा पुस्तक घेऊन ओट्यावर बसतो आणि मुलगी पाणी आणते, भांडी घासते, धाकट्याला कडेवर घेते. मग मुलगी अभ्यासात मागे राहिली, की म्हणतात, "तिचं डोकंच न्हाई." डोके आहे. वेळ नाही. काम दोघांना वाटून द्या. अर्धा तास दोघांनाही द्या.

तीन सोप्या कसोट्या

आपले लेकरू खरेच शिकते आहे का, हे कसे ओळखावे? केवळ वरच्या वर्गात गेले, म्हणजे आले, असे नसते. शिक्षण हक्क कायद्यामुळे मुलाला सहसा मागे ठेवत नाहीत. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते. पण पाचवीत जाऊन कळण्यापेक्षा तिसरीतच कळलेले बरे. तिसरी पुरी केलेल्या मुलाला या तीन गोष्टी यायला हव्यात :

१. न शिकवलेल्या धड्यातल्या चार ओळी वाचून, काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगणे.

२. आपले नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिणे, आणि आपल्या मनाने दोन-तीन वाक्ये लिहिणे.

३. १०० रुपये दिले, ६३ रुपयांचा बाजार केला, तर परत किती आले, हे सांगणे. उत्तर ३७.

यातले काही आले नाही, तर लेकराला बोल लावू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जा. गुरुजींना किंवा बाईंना सांगा, "याला वजाबाकी येत नाही. काय करावे?" शिक्षकाला असा पालक हवाच असतो.

कोयता आणि पुस्तक

आता आपल्या जिल्ह्याच्या दुखण्याकडे येऊ.

दसरा-दिवाळी झाली की गावे रिकामी होतात. टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला जाते, कोणी साताऱ्याला, सोलापूरला, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तिकडेच राहायचे. नवरा-बायकोचा एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. घरी म्हातारे माणूस नसेल, तर लेकरे कुणावर सोडायची? थोरली पोरगी बरोबर असली तर तान्ह्याला सांभाळते, कोपीवर पाणी भरते, भाकरी करते. आईबाप लेकरांना हौसेने नेत नाहीत. आम्ही तुम्हाला दोष देत नाही. पण हिशेब मात्र आपण मांडून पाहू.

कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला कमीत कमी २०० दिवस भरली पाहिजे. शाळा जूनमध्ये सुरू होते. टोळी दिवाळीच्या सुमारास निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ सगळेच बुडाले. दर वर्षी १०० दिवस बुडाले असे धरा. चार वर्षांत किती? ४०० दिवस. २०० दिवसांचे एक वर्ष. म्हणजे दोन वर्षे. दाखल्यावर "चौथी" लिहिलेले असते, पण लेकरू दोनच वर्षे शिकलेले असते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. अभ्यास साखळीसारखा असतो. वजाबाकी चुकली, की भागाकार येत नाही. भागाकार नाही, की अपूर्णांक येत नाही. जोडाक्षरे राहिली, की परिसर अभ्यासाचा धडा वाचता येत नाही. एक कडी तुटली की पुढची सगळी साखळी लोंबकळते. जूनमध्ये मूल परत वर्गात बसते. बाकीची मुले पुढे गेलेली असतात. त्याला काही कळत नाही. ते मागच्या रांगेत सरकते. मग एक दिवस म्हणते, "मला न्हाई जायचं शाळंत." मग त्याच्याही हातात कोयता येतो.

ही साखळी तुटू नये म्हणून काय करता येईल?

पहिला उपाय, लेकराला गावीच ठेवणे. यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. आईबाप ऊसतोडीला गेले, की मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकाकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. याशिवाय २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना सुरू केली. आपल्या गावाला, आपल्या तालुक्याला यंदा कोणती सोय आहे, ते मुख्याध्यापकांना दसऱ्याच्या आधीच विचारा. गाडी भरताना विचारून उपयोग नाही. नावे आधी द्यावी लागतात.

दुसरा उपाय, न्यावेच लागले तर तिकडच्या शाळेत घालणे. जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. लेकरू कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येते, याची नोंद त्यावर असते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. तो गावाच्या वेशीवर संपत नाही. दाखला नाही, जन्माचा कागद नाही, एवढ्या कारणाने सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यावे आणि राहिलेले शिकवावे, असेही त्या कायद्यात आहे. कर्नाटकात गेलात, तर मात्र भाषेची अडचण येते. जवळ मराठी शाळा आहे का, ते आधी चौकशी करून पाहा.

तिसरा उपाय, शाळा मिळालीच नाही तर पुस्तके बरोबर नेणे. मुलांना पुस्तके फुकट मिळतात. ती घरी कुलपात ठेवू नका. कोपीत रात्री अर्धा तास काढा. आणि हिशेब तर समोरच असतो. समजा, तुमच्या कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला. समजा, टनाला ३५० रुपये. दिवसाचे झाले ७००. असे १२० दिवस काम झाले, तर ८४,००० रुपये. उचल घेतली होती ९०,०००. म्हणजे अजून ६,००० फिटायचे राहिले. यात गुणाकार आहे, वजाबाकी आहे. हे गणित चौथीच्या पोराला करायला लावा. तुम्हीही वहीत रोज टनाची नोंद ठेवा आणि खाडा झाला तर तोही लिहा. हंगामाच्या शेवटी मुकादम हिशेब सांगेल, तेव्हा तुमच्याकडे तुमचा हिशेब असेल. अंगठा उठवून मान हलवण्याचे दिवस आता गेले पाहिजेत.

आणि लेकरू गावी राहिले असेल, तर त्याला चिठ्ठी लिहा. फोन तर कराच. पण पंधरा दिवसांतून एकदा चार ओळींची चिठ्ठी गावाकडे जाणाऱ्याबरोबर पाठवा. "आम्ही खुशाल आहोत. तुझा धडा कोणता चालला आहे? उलट चिठ्ठी लिही." लेकरू ती पुन्हा पुन्हा वाचील. उत्तर लिहील. त्याचे वाचन-लेखन होईल, तुमचेही होईल. आणि दोघांनाही बरे वाटेल.

शाळा आपली आहे

प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातले चारांतले तीन सदस्य पालक असतात. निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. ही समिती केवळ कागदावर सह्या करण्यासाठी नाही. मुले नियमित येतात का, जेवण नीट मिळते का, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांची यादी झाली का, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. आता तुम्हाला वाचता येते. सही करण्याआधी कागद वाचा. समितीत जागा असेल, तर आपले नाव द्या. बायांनी तर जरूर द्यावे.

आपल्याला शाळा मिळाली नाही, म्हणून लेकरालाही अर्धीच मिळावी, असे काही नाही. तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात. दिवसभराचे कष्ट करून रात्री शिकलात. त्याचे मोल तुमच्याइतके कुणाला कळणार? आज रात्री जेवणे झाली, की लेकराचे दप्तर उघडा. एक पुस्तक बाहेर काढा. म्हणा, "हे मला वाचून दाखव." मग पुढच्या दोन ओळी तुम्ही वाचा.

लक्षात ठेवा

घरचा अभ्यास लेकरानेच करावा. आपण जवळ बसावे.
मुलगी आणि मुलगा, दोघांनाही रोज अर्धा तास द्यावा.
अडले तर मारू नये. शाळेत जाऊन विचारावे.
ऊसतोडीला निघण्याआधी लेकराची सोय लावावी.

वाचून झाल्यावर बोला

१. तुमच्या लेकराच्या दप्तरात कोणकोणती पुस्तके आहेत?
२. वरच्या तीन कसोट्यांपैकी त्याला कोणत्या येतात?
३. तुमच्या गावातून किती मुले हंगामात आईबापांबरोबर जातात? त्यांच्यासाठी गावाला काय करता येईल?